‘हार्ड डिस्क गेली’ असं सांगून माझ्याकडून २१,३०० रुपये उकळले

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ येतं, बंद करून परत चालू केला की काही झालंच नव्हतं असा चालतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. तुमचं असं होत असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. माझे तपासणीचे ५०० गेले, ‘नव्या’ एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत फिरते भाग नसलेली डिस्क) ४,८००, ‘डेटा रिकव्हरी’चे ९,५०० आणि ‘मदरबोर्डच्या कामा’चे ६,५००. एकूण २१,३०० रुपये. खरा बिघाड ४५० रुपयांच्या केबलमध्ये होता. ती बसवायची मजुरी २०० रुपये.

मी घरून डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची, कामं घेते. गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकांची घाई सुरू होते. लॅपटॉप २०१७ चा, आत अडीच इंची एक टीबीची हार्ड डिस्क. हातात अकरा फर्म्यांचा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा एक गट म्हणजे फर्मा) अंक होता, त्यातले चार फर्मे लावून, दुसरं प्रूफ होऊन तयार होते, आणि प्रेसवाले रोज फोन करत होते. आता कुणीतरी विचारणारच, की बॅकअप नव्हता का? जुन्या सगळ्या कामांचा होता, बाहेरच्या डिस्कवर. पण जी पानं रोज दहादा बदलतात, ज्यात जाहिरातदार रात्री अकराला फोन करून मजकूर फिरवतो, त्यांची ताजी प्रत लॅपटॉपवरच असते. या धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा.

दुकान काही रस्त्यावरची टपरी नव्हती. काचेचं दार, टोकन, भिंतीवर सर्टिफिकेटं. ओळखीतल्या दोघांनी तिथेच जा म्हणून सांगितलं होतं. तपासणीचे ५०० आधी घेतले, पासवर्ड लिहून घेतला, आणि संध्याकाळी मालकाचा फोन आला. “मॅडम, हार्ड डिस्क गेली. डेटाची गॅरंटी नाही. लॅबला पाठवावी लागेल, साडेनऊ हजार होतील. लवकर सांगा, उशीर झाला तर तेही हाती लागणार नाही.” हे ‘लवकर सांगा’ नीट लक्षात ठेवा. डोक्यावर काम घेऊन आलेलं माणूस ते बरोबर ओळखतात.

आता जे सांगते ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. मी पैसे द्यायला गेले तेव्हा माझी डिस्क आतल्या टेबलावर एका डॉकमध्ये, म्हणजे सुटी डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या खोक्यात, उभी होती. डॉकची वायर तिथल्या पोराच्या कॉम्प्युटरला लावलेली, आणि पडद्यावर माझे फोल्डर उघडे. ‘दिवाळी’, त्यात ‘प्रूफ २’, त्यात ‘जाहिराती अंतिम’, सगळ्यांपुढे तारखा. कुठलीही लॅब नाही, विशेष सॉफ्टवेअर नाही, पेन ड्राइव्ह उघडावा तशी माझी डिस्क सरळ उघडली होती. मालक काहीतरी पुटपुटला आणि पोराने खिडकी खाली घेतली. मी विचारलं, “ही माझीच ना? मग दिसतेय की!” त्यावर तो म्हणाला, “तात्पुरती दिसतेय मॅडम, केव्हाही बसेल. म्हणून तर घाई करतोय.”

ते खोटं तिथल्या तिथे उघडं पडायला हवं होतं. जी डिस्क साध्या डॉकवर नावानिशी, तारखांनिशी सगळे फोल्डर दाखवते, तिच्यासाठी बहुधा लॅब लागतच नाही. आधी फायली कॉपी करून बघायच्या, बस्स. पण समोरचा माणूस रोज हेच काम करतो, आपण पानं लावतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर चार फर्मे होते. तिथे उभं राहून ‘नाही देत’ म्हणणारा कुणी असेल तर त्याने अजून प्रेसची तारीख चुकवलेली नाही. मी ९,५०० यूपीआयने दिले. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या नावावर गेले, तेही मोबाइलवर दिसलं. विचारलं तर ‘भावाचं खातं आहे’.

दुसऱ्या दिवशी सगळा डेटा मिळाला. लॅबची पावती नाही, अहवाल नाही. जुन्या डिस्कच्या जागी बसवलेल्या एसएसडीचे ४,८०० रोख घेतले आणि हाताने लिहिलेला कागद दिला. त्यावर ‘एसएसडी १, सर्व्हिस’ एवढंच. सिरीयल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. लॅपटॉप काही दिवस झकास चालला आणि मग पुन्हा काळा पडदा, पुन्हा तीच ओळ. परत नेला. आता म्हणे बिघाड बोर्डवर, आयसी (बोर्डवरची चिप) बदलावी लागेल, ६,५००. काढलेली आयसी दाखवा म्हटलं तर ‘जळून गेली’. पुन्हा काही दिवस चालला. पुन्हा बंद.

या फसवणुकीचं मूळ इथेच आहे. या जातीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क थेट बोर्डवर बसत नाही. मध्ये एक चपटी, कागदासारखी पातळ केबल असते. ती घडीवर पिचली किंवा बोर्डकडच्या टोकाला सैल झाली की डिस्क कधी दिसते, कधी नाही. चापट मारली की लागणारी ट्यूबलाइट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, हा तोच प्रकार. मागचं झाकण उघडून कुणीही डिस्क काढली-घातली, की केबल दाबली जाते आणि लॅपटॉप थोडे दिवस चालतो. म्हणजे दुकानदाराने काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी ‘दुरुस्त झाला’ असंच दिसतं! येणारा-जाणारा बिघाड लबाड माणसासाठी सोन्याची खाण आहे. पूर्ण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त केल्याचं सोंग आणता येत नाही, याचं आणता येतं, पुन्हापुन्हा आणता येतं, आणि दर वेळी बिल फाडता येतं.

मला हे कळलं ते दिरांच्या ओळखीतल्या एका मुलामुळे. त्याने आधी लॅपटॉप उघडलाच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्या ‘नव्या’ एसएसडीवर चालू तास, म्हणजे ती आजवर किती तास चालली ते, लिहिले होते ११,४६२. सलग धरले तरी सव्वा वर्षाच्या वर. मी ती वापरून महिनाही झाला नव्हता. मग त्याने ‘सी७’ नावाची ओळ दाखवली, सीआरसी एररची. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये माहिती जाताना बिघडली की हा आकडा वाढतो. तो कधी कमी होत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून घाबरायचं नाही, वाढतोय का ते बघायचं. माझा वाढत होता. नंतर झाकण काढलं. केबल बिजागरीजवळ दुमडली होती, काळी टेप तिथे पांढरी पडलेली, आणि घडीत तांब्याच्या दोन बारीक रेघा उघड्या. बोटाने दाबली की बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपचा सेटिंगचा पडदा) डिस्क दिसायची, सोडली की गायब. बोर्ड त्याने भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला. कुठेही नवं सोल्डरिंग नव्हतं. ६,५०० रुपये घेऊन बोर्डला कुणी हातही लावला नव्हता.

म्हणून सांगते. ‘डिस्क गेली’ ऐकलं की ती डिस्क मागा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. अडीच इंची डिस्कची यूएसबी केसिंग चारशेच्या आसपास मिळते. तिथे ती वारंवार लावूनही नीट चालली तर संशय केबलवर घ्या. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘०५’ आणि ‘सी५’ या, डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या ओळींचे आकडे वाढत असतील, डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र डिस्कच खराब होत चालली आहे. मग सारखं बंद-चालू करत बसू नका, आधी डेटा काढा. ते आकडे मुळात हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहायची पद्धत) दिसतात, त्यामुळे मध्येच इंग्रजी अक्षरं आली तर गोंधळू नका. एम डॉट टू प्रकारच्या एसएसडीला केबल नसते, ती एका स्क्रूवर सरळ खाचेत बसते. तिथे आधी काढून नीट बसवून बघा. आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्क यादीत दिसत नाही, ते बहुतेकदा फक्त व्हीएमडीचा (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) ड्रायव्हर दिलेला नसतो म्हणून. तेवढ्यावरून नवी डिस्क विकणारेही आहेत.

जुनी डिस्क परत दिलीच नाही, याचा राग सगळ्यात जास्त आहे. ‘स्क्रॅपमध्ये गेली मॅडम.’ तिच्यावर लेखकांची हस्तलिखितं होती, माझं आधार, पॅन, बँकेची पासबुकं, मुलीचे फोटो. चांगली चालणारी एक टीबीची डिस्क कुठल्या स्क्रॅपमध्ये जाते? कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये ‘नवी’ म्हणून बसली असेल. त्या रात्री मी सगळे पासवर्ड बदलले. दुकानात लॅपटॉप देताना विंडोजचा पासवर्ड देऊच नका, बायॉसमध्ये डिस्क दिसते की नाही हे बघायला तो लागत नाही.

आणि तक्रार करायला गेलं की काय होतं तेही ऐका. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, “पक्की पावती आहे का?” नाही म्हटल्यावर, “मग कशावरून पैसे दिले?” यूपीआयच्या नोंदी दाखवल्या तर “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” मी म्हटलं, माझी वस्तू परत दिली नाही, वापरलेला माल नवा म्हणून विकला, यात दिवाणी काय आहे? उत्तर नाही. डिस्कमध्ये खासगी माहिती आहे म्हटल्यावर “मग सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, ऑनलाइन फसवणूक नाही, तुमच्या हद्दीच्या ठाण्यात जा. ठाण्यात साहेब बंदोबस्तावर. परत गेले तर साहेब मीटिंगमध्ये. अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मागितली म्हणून माझ्याकडेच असं पाहिलं की जणू मीच काही लपवतेय. एकाने तर सल्ला दिला, “एवढ्याशा पैशासाठी कशाला वेळ घालवता?” २१,३०० रुपये म्हणजे माझी किती पानांची मेहनत, हे त्याला कुठून कळणार. दुकानदारांना हे सगळं पाठ असतं. म्हणून तर तो काउंटरवर हसत म्हणाला, “जा ना मॅडम, कुठे जायचं तिथे.”

१ जुलै २०२४ पासून फसवणुकीच्या जुन्या कलम ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि विश्वासाने दिलेली वस्तू हडपण्यासाठी ३१६. ठाण्याने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज करता येतो. रजिस्टर्ड पाठवा, पोच जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही, स्वतः वाचून काढावं लागलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. यूपीआयच्या नोंदी, तो हाताने लिहिलेला कागद, चालू तासांचा स्क्रीनशॉट आणि केबलचे फोटो, सगळं मी आयोगाकडे केलेल्या तक्रारीला जोडलं आहे.

दुकानात देताना मात्र डिस्कच्या लेबलचा सिरीयल नंबरासकट फोटो काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. बदललेला प्रत्येक भाग परत मागा. नवी डिस्क बसवली तर काउंटरवर उभं राहूनच चालू तास बघा. तास पुसताही येतात, त्यामुळे सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीही तपासा.

आयोगाची नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला. एसएसडीचे ४,८०० परत करतो, तक्रार मागे घ्या म्हणाला. मी सांगितलं, आधी माझी जुनी डिस्क आणून द्या, सिरीयल नंबर माझ्याकडे लॅपटॉपच्या जुन्या वॉरंटी कागदावर आहे. त्याने फोन ठेवला. तक्रार मागे घेतलेली नाही.