इंग्लंडच्या खेड्यातल्या लोहार-सुतारांची वंशावळ: बरेच महिने दप्तरं चाळल्यानंतरचा अनुभव

माझ्या सासूबाईंचं माहेर इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातलं. त्यांच्या आईकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करायची एवढंच घरात बोललं जायचं. कुठल्या गावात, कधीपासून, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. गेले बरेच महिने मी हा शोध घेते आहे. फुकटची संकेतस्थळं वापरली, वर्गणी भरून वापरायची वापरली, नॉरिचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात जाऊनही बसले. इकडे सून किंवा जावई इंग्रज असलेल्या मराठी घरांत हा विषय कधी ना कधी निघतोच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निष्कर्ष सांगते. खेड्यातला कारागीर शोधायचा असेल तर नुसतं नाव धरून वर चढू नका, त्याच्या धंद्याचा माग काढा. एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन जॉन आणि विल्यम सापडतात. त्यातला आपला कोणता, हे बहुतेक वेळा त्याची भट्टी सांगते.

सुरुवात मात्र सगळ्यांची सारखीच होते. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी टंकून ठेवली आहे, पूर्ण मोफत. जन्मासाठी मात्र मी सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसची सूची वापरते, कारण तिच्यात आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ नंतरच येतं. विवाह त्या सरकारी सूचीत शोधता येत नाहीत, त्यासाठी फ्रीबीएमडीच. आणि पैसे खर्च करायचेच तर विवाहाच्या दाखल्यावर करा. त्यावर वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. एका कागदात दोन घरांचे धंदे कळतात.

जनगणनेचे कागद मला सर्वांत आवडले. १८४१ च्या कागदात पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत आणि जन्मगाव दिलेलंच नाही, फक्त याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढं कळतं. त्यामुळे तो एकट्याने फारसा कामाचा नाही. १८५१ पासून चित्र पालटतं: नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग). शिवाय स्वतःचा धंदा असलेल्याने ‘मास्टर’ असं लिहून हाताखाली किती माणसं आहेत ते सांगावं, अशी सूचना होती. ती सगळ्यांनी पाळली नाही, पण जिथे पाळली तिथे घरातला कर्ता, मजुरीवरचा तयार कारागीर आणि शिकाऊ पोरगा अशी लोहारसाळेची सगळी मांडणी एका पानावर दिसते. मूळ पान उघडून बघाच. नंतर आकडेमोड करणाऱ्या कारकुनांनी वयावर आणि धंद्यावर जाड रेघा मारल्या आहेत. त्या रेघांखालचा अक्षर-आकडा टंकणाऱ्याला कळला नसला तरी पान मोठं करून पाहिलं की बऱ्याचदा लागतो.

सासूबाईंच्या घराण्यातली एक बाई मला अशीच भेटली. नवरा गेल्यावर पुढच्या जनगणनेत कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव, नात्याच्या रकान्यापुढे ‘विधवा’ आणि धंद्याच्या रकान्यात चक्क ‘लोहार’. खाली थोरला मुलगा, तोही लोहार. घण मुलगाच मारत असणार, पण धंदा, गिऱ्हाईक आणि उधारीची वही तिच्या हातात होती. त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरीतही गावाच्या यादीत लोहार म्हणून तिचंच नाव छापलेलं आहे. विवाहाच्या दाखल्यावर बायकांच्या व्यवसायाचा रकाना बहुधा कोराच असतो, त्यामुळे ही नोंद वाचताना फार भरून आलं. सासूबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली.

केली, पिगट, व्हाइट या प्रकाशकांच्या या डिरेक्टऱ्या लेस्टर विद्यापीठाने स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. गाव काढा की जमीनदार, धर्मगुरू, मग दुकानदार, लोहार, चाकं बनवणारा, चांभार अशी यादी मिळते. एका नावापुढे दोन धंदे दिसले तर नवल नाही. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून कुणाही करदात्याला बिअर विकायचा परवाना मिळू लागला, आणि लोहारसाळेत नाल ठोकून होईपर्यंत ताटकळणारं गिऱ्हाईक असायचंच. चाकं बनवणारा सुतार गावात कुणी गेलं की शवपेटीही करून द्यायचा.

१८३७ च्या मागे गेलं की पॅरिशच्या वह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण तेवढ्या जुन्या वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत, आणि सतराव्या शतकाच्या मधल्या यादवीत तर बऱ्याच गावांत खंड पडला आहे. नॉरफोकच्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याचा छापील नमुना आला आणि त्यात वडिलांच्या धंद्याचा वेगळा रकाना आला. त्याआधी धंदा लिहायचा की नाही हे त्या त्या धर्मगुरूच्या मनावर होतं. १७५४ पासूनच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या सह्या असतात, नाहीतर फुली. दोन विल्यममधला आपला कोण, हे मी सही ताडून ठरवलं. १७५२ पूर्वीच्या तारखा बघताना वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं हे ध्यानात ठेवा, नाहीतर मूल लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं.

खरा खजिना पॅरिशच्या हिशेबांत आहे. चर्चच्या विश्वस्तांच्या वह्यांत घंटेचं लोखंडी सामान, दाराच्या बिजागऱ्या, कुलपं यांचे पैसे लोहाराला दिल्याच्या नोंदी वर्षानुवर्षं येतात. एका वर्षी बापाच्या नावाने पैसे जातात, काही वर्षांनी मुलाच्या. बापाची दफननोंद हाती लागली नाही तरी भट्टी कधी हस्तांतरित झाली ते कळतं. गरिबांच्या मदतीच्या हिशेबांसोबत वास्तव्याच्या चौकशीचे जबाबही असतात. १६६२ च्या कायद्यानुसार गरीब माणूस कुठल्या पॅरिशचा, हे ठरवावं लागे, आणि शिकाऊ म्हणून कुठे राहिला यावरूनही त्या पॅरिशचा म्हणवून घ्यायचा हक्क मिळत असे. त्यामुळे जबाबात जन्म, मालकाचं नाव, किती वर्षं काम शिकला, सगळं येतं. गरिबाच्या तोंडून त्याचा जीवनक्रम ऐकायला मिळतो तो इथेच. यातलं फार थोडं ऑनलाइन आहे, रेकॉर्ड ऑफिस गाठावंच लागतं.

मराठी वाचकाने एक गोष्ट आधीच मनातून काढावी. आपल्याकडे लोहार हा बलुतेदार, धंदा जातीबरोबर चालत आलेला. इकडे लोहाराचा एक मुलगा भट्टीवर, दुसरा शेतमजूर, तिसरा शहरात रेल्वेत, असं सर्रास दिसतं. म्हणून प्रत्येक पिढीत धंदा नव्याने सिद्ध करावा लागतो. स्मिथ आडनाव दिसलं म्हणून लोहार धरून चालू नका.

शिकाऊ उमेदवारांची मोठी आशा लावून मी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजच्या कर-वह्यांची सूची पाहिली. काम शिकवायला मालकाने घेतलेल्या रकमेवर १७१० पासून कर होता, त्याच्या १८११ पर्यंतच्या या नोंदी. शहरी घराण्यांना त्यांचा उपयोग होतो. पण खेड्यातला बाप आपल्याच मुलाला शिकवायचा तेव्हा ना रक्कम ना कर, आणि पॅरिशने धाडलेल्या गरीब पोरांना करमाफी होती. आमचे लोक तिथे नाहीत.

मृत्युपत्रं मात्र जरूर शोधा. १८५८ पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. नॉरिचच्या धर्मप्रांताची नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात आहेत. लोहाराकडे जमीन नसली तरी ऐरण, भाता, सांडश्या कुणाला द्यायच्या हे सांगायला तो मृत्युपत्र करतो, आणि ज्याला ऐरण मिळते तो पुढचा लोहार. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा; त्याबद्दलच्या १८३६ च्या कायद्यानंतर बनलेले टाइद नकाशेही तितकेच मोलाचे. नॉरफोकचे परगण्याच्या नकाशा-संकेतस्थळावर दिसतात, आणि सोबतच्या यादीत लोहारसाळ कोणत्या तुकड्यावर, मालक कोण, वहिवाट कुणाची ते मिळतं. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबली, पण जागा भाड्याची होती, हे मला त्या यादीने सांगितलं.

वर्गणीबद्दल. मी ज्या मोठ्या संकेतस्थळाचे पैसे भरले तिथली छायाचित्रं चांगली, पण सूचीत आडनाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचलेलं होतं. दुसऱ्या लोकांचे वंशवृक्ष तर तिथे एकमेकांवरून उतरवलेले, आणि एकात आईपेक्षा मुलगा मोठा. वर्षभराची वर्गणी मी परत भरणार नाही. आधी मोफत दप्तरं संपवा, न सुटलेले प्रश्न लिहून काढा आणि मग एका महिन्याची घ्या. इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या संगणकांवर अशी संकेतस्थळं फुकट वापरता येतात, ते आधी विचारा. रेकॉर्ड ऑफिसात जाताना कागदपत्रांची मागणी शक्य तर आधी नोंदवा आणि पेन्सिल न्या, शाईचं पेन आत नेता येत नाही.