'लीड काइंडली लाइट'चा ऑडिओ एपिसोड: गोष्ट भारी, पण वादळ कुठून आणलं?

चर्चमधल्या गाण्यांच्या गोष्टी मराठीत सांगणारी ही सिरीज आमच्या क्वायरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली होती म्हणून सबस्क्रिप्शन घेतलं, आणि पहिला एपिसोड अर्थात 'लीड काइंडली लाइट' या इंग्रजी प्रार्थनागीताचाच लावला कारण अल्टो लाइनमध्ये उभं राहून ते गाणं इतक्या वेळा गायलंय की त्याची गोष्ट नीट माहीत नाही ही लाजच होती. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. का ते सांगते.

नरेशन करणारा आवाज मस्त आहे, घाई नाही, प्रवचनाचा सूर नाही. सिसिलीचा भाग तर मी मागे नेऊन परत ऐकला. म्हणजे बघा, हे गाणं लिहिणारा जॉन हेन्री न्यूमन, वय ३२, ऑक्सफर्डचा हुशार अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा) पाळक, १८३३ साली मित्र पुढे घरी निघून गेले तरी हा हट्टाने एकटाच परत सिसिलीत फिरायला गेला आणि तिथे तापाने असा काही आडवा झाला की सोबतच्या नोकराला, जेनारो नावाच्या, शेवटच्या सूचनासुद्धा देऊन झाल्या. जरा बरं वाटल्यावर बेडवर बसून ढसाढसा रडतोय, नोकर विचारतो काय झालं, तर एवढंच म्हणतो की मला इंग्लंडमध्ये काम आहे. काय काम ते त्याला तरी कुठे माहीत होतं! मग पालेर्मोला तीन आठवडे जहाजाची वाट बघत बसणं, शेवटी मिळाली ती मार्सेलला संत्री घेऊन निघालेली बोट. हे सगळं एपिसोडमध्ये फार छान आलंय.

आणि मग एकदम विजा कडाडायला लागतात. ढगांचा गडगडाट, लाटा आपटतायत, मागे व्हायोलिन किंचाळतंय. अरे पण वादळ नव्हतंच ना! उलट वारा पडला होता. कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या मधे बोनिफाचोची सामुद्रधुनी आहे, तिथे ती बोट आठवडाभर जागची हलली नाही, शिडाला वारा नाही तर करणार काय. १६ जूनला त्याने या ओळी लिहिल्या त्या अशा अडकलेल्या अवस्थेत. मला वाटतं सगळी मजा इथेच आहे, वादळात कोणीही देवाला हाक मारतो हो, पण घरी जायची इतकी घाई असलेल्या, स्वतःचा रस्ता स्वतः ठरवायची सवय असलेल्या माणसाला नुसतं थांबावं लागतं तेव्हाच 'दूरचं दिसायला नको, एक पाऊल दिसलं तरी पुरे' हे निघतं. दुसऱ्या कडव्यात तो कबूलच करतो की मी आधी असा नव्हतो. साउंड इफेक्टवाल्याने त्या शांततेवर पाणी फिरवलंय, अक्षरशः.

चालीचा भाग बरा आहे. जॉन डाइक्सची 'लक्स बेनिग्ना' ही १८६५ची चाल, आणि गाणं लोकप्रिय झालं ते माझ्या शब्दांमुळे नाही, डाइक्सच्या चालीमुळे असं न्यूमन स्वतःच म्हणायचा, हे ऐकून आमचे ऑर्गनवाले काका खूश होतील. डाइक्स डरहॅमचा, आणि त्याच डरहॅम परगण्यात १९०९ साली वेस्ट स्टॅन्लीच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन १६८ माणसं गेली, तेव्हा आत अंधारात अडकलेल्या काहींनी हेच गाणं म्हटलं होतं. हा प्रसंग नरेटरने म्युझिक पूर्ण बंद करून सांगितलाय. मग तिथे जमलं ते बोटीवर का नाही जमलं?

गांधीजींना मात्र दोन वाक्यांत उरकलंय, 'हे त्यांचं आवडतं गीत होतं' आणि पुढे चला. अहो, १९०८ च्या फेब्रुवारीत जोहान्सबर्गला हल्ल्यात जबर मार खाऊन ते रेव्हरंड डोक यांच्या घरी पडून होते, तेव्हा त्यांनी डोकच्या लहान मुलीला, ऑलिव्हला, हेच गाणं म्हणायला सांगितलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नंतर गुजराती कवी नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं गुजराती 'प्रेमळ ज्योति' केलं, ते साबरमती आश्रमात गायलं जायचं. आणि आश्रमात संगीत शिकवणारे, आश्रम भजनावलीची निवड करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपले मराठी, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य! मराठी श्रोत्यांसाठीच्या सिरीजमध्ये हे नाव येऊ नये म्हणजे कमाल आहे. त्यापेक्षा न्यूमन पुढे १८४५ला कॅथलिक झाला, कार्डिनल झाला, २०१९ला संत घोषित झाला, ही यादी थोडी कमी वाचली असती तरी चाललं असतं.

बाकी अॅप ठीकठाक. डाऊनलोड करून ठेवता येतं, पण स्क्रीन लॉक झाली की कधीकधी सुरुवातीपासून सुरू होतं, त्याचा वैताग येतो. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना ऐकवायला हरकत नाही, फक्त बोटीचा भाग आला की पॉज करून तेवढं तुम्हीच तोंडी सांगा. पुढचा एपिसोड ना. वा. टिळकांवर आहे असं दिसतंय, तो ऐकल्यावर सबस्क्रिप्शन रिन्यू करायचं की नाही ते ठरवेन.