साच्यातली बोट घ्यावी की मोजणीतली?

शिडाच्या बोटींच्या वन-डिझाइन शर्यतीत सगळ्या बोटी सारख्या असतात, म्हणून निकाल चालवणाऱ्याच्या हातावर ठरतो. पण त्या सारख्या आहेत हे ठरवतं कोण? पहिली बोट घ्यायला निघालेला माणूस वेग, किंमत, दिसणं सगळं विचारतो, हे मात्र विचारत नाही. पुढची पाच-सात वर्षं बोटीवर काय करता येईल आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी झोप लागेल की नाही, हे बरंचसं याच उत्तरावर अवलंबून असतं.

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकीत सारखेपणाची हमी बांधणारा देतो. ठरलेला साचा, ठरलेलं साहित्य, परवाना असलेलेच बिल्डर. दुसरीत बोट कोणीही परवानगी घेऊन बांधावी, पण तयार झाल्यावर मेझरर, म्हणजे मापं तपासणारा माणूस, टेप, टेम्प्लेट आणि काटा घेऊन येतो आणि प्रत्येक आकडा मर्यादेत बसला तरच सर्टिफिकेट मिळतं.

पहिल्या पद्धतीचं ठळक उदाहरण म्हणजे आयएलसीए ही एकट्याने चालवायची बोट, म्हणजे पूर्वीची लेझर. ब्रूस कर्बी यांची ही रचना 1971 मध्ये बाजारात आली. इथे तुमच्या बोटीच्या मापांचा स्वतंत्र कागद नसतोच. बिल्डरने लावलेली क्रमांकाची पट्टी हाच पुरावा. नियमांचा गाभा एका वाक्यात मावतो: जे करायला स्पष्ट परवानगी नाही, ते करायचं नाही. सुकाणूचं पातं घासून पातळ करणं नाही, हलचा, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाचा, आकार बदलणं नाही, बाहेरून शिवून आणलेलं शीड तर नाहीच. मोडतोड दुरुस्त करता येते, पण मूळ आकार आणि काम बदलता कामा नये. ऑलिंपिकमध्ये या बोटी आयोजकच पुरवायचे, खेळाडू फक्त चढून निघायचा. 470 ही दोघांनी चालवायची बोट; तिच्यावाले मात्र स्वतःची बोट घेऊन यायचे आणि मोजणीला उभे राहायचे. दोन पद्धतींतला फरक एवढ्यावरूनही कळतो.

मोजणीच्या क्लासमध्ये, म्हणजे अशा एका नियमावलीखालच्या बोटींच्या गटात, काय होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. हल उलटा करून समतल करतात. ठरलेल्या अंतरावर टेम्प्लेट ठेवून फट किती राहते ते तपासतात. मग वजन. बोट कोरडी हवी, फळ्यांच्या आड राहिलेलं पाणीसुद्धा चालत नाही. वजन कमी भरलं तर शिशाचे तुकडे स्क्रूने पक्के बसवतात आणि त्यांचं वजन सर्टिफिकेटवर लिहितात. ऑप्टिमिस्टचा, म्हणजे मुलांच्या छोट्या बोटीचा, हल 35 किलोच्या खाली गेलेला चालत नाही. पण नुसत्या वजनाने भागत नाही. तेच किलो टोकांकडून काढून मध्यावर आणले तर बोट लाटांवर कमी डुचमळते आणि पुढे सरकते. म्हणून फिन या एकट्याने चालवायच्या बोटीच्या क्लासमध्ये झोका चाचणी आली, लाम्बोली यांच्या नावाची. हल टांगून हलवायचा आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. टोकं जड असतील तर झोका मंद, हलकी असतील तर झपझप. हलच्या पोटात वजन कुठे दडलंय हे न कापता कळतं. मला ही चाचणी फार आवडते.

शिडाचंही तसंच. सपाट जमिनीवर अंथरून मोजायच्या रेषेवरच्या सुरकुत्या जातील इतकाच ताण द्यायचा. मागच्या कडेचा मध्य शोधायला टेप लागत नाही: वरचं टोक खालच्या मागच्या कोपऱ्यावर आणून घडी घातली की घडीवर तो बिंदू सापडतो. तिथून पुढच्या कडेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे मधली रुंदी. सगळं बसलं की मेझरर सही करतो.

जुनी बोट घेणाऱ्याने मात्र कागद बघून थांबू नये. माझ्या पहिल्या सेकंडहँड बोटीच्या सर्टिफिकेटवर दोन किलोचे शिशाचे तुकडे लिहिलेले होते. घरी आणून बाकाखाली हात घातला तर स्क्रूची भोकं होती, शिसं नव्हतं. आधीच्या कोणीतरी काढून टाकलं होतं. कागद खरा, बोट खोटी, आणि जबाबदार मी. शर्यतीच्या नियमांत, नियम 78 मध्ये, बोट क्लासच्या नियमांत ठेवायची आणि सर्टिफिकेट वैध ठेवायची जबाबदारी मालकावर आणि बोटीच्या प्रमुखावर टाकलेली आहे, आधीच्या मालकावर नाही. पुन्हा वजन करून नवं सर्टिफिकेट घेण्यात तो हंगाम गेला.

मग साच्यातली बोट बिनघोर? तसंही नाही. 2017 मध्ये इटलीतल्या पोर्टो चेर्वोला जे/70 या साच्यातल्या बोटीची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा काही बोटींच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात, नियमाबाहेरचे फेरफार सापडले आणि त्या बाद झाल्या. कील कारखान्यातून एकसारखा आला तरी मालकाच्या शेडमध्ये सँडपेपर असतोच. दुसरी जोखीम बिल्डरची. क्लास आणि बिल्डर यांचं बिनसलं तर बोटी आणि सुट्या भागांचा प्रश्न सगळ्यांपुढे येतो. 2019 मध्ये लेझर हे नाव सोडून क्लासला आयएलसीए व्हावं लागलं, ते अशाच वादातून. मोजणीच्या क्लासमध्ये एक कारखाना बंद पडला तरी दुसरा त्याच नियमावलीवर बोट बांधतो.

माझं मत सरळ आहे. आठवड्यात एकच दिवस पाण्यावर जायला मिळत असेल आणि हत्यारांची आवड नसेल, तर साच्यातली बोट घ्या. मास्टची (डोलकाठीची) जागा, पात्याची धार, शिडाचा काप यांवर तुमचा जीव रमत असेल, तर मोजणीचा क्लास. तिथे सहनमर्यादेच्या आत खेळायला खरी जागा असते आणि ती कायदेशीर असते. मुलासाठी ऑप्टिमिस्ट घेत असाल तर दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात: आकार काटेकोर बांधलेला, बिल्डर अनेक, आणि प्रत्येक हलला वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची पट्टी.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा वजनकाटा सोबत न्या. पट्टीवरचा क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि शिडावरचा क्रमांक जुळतात का बघा. शिडावर मेझररची सही किंवा प्रमाणन शिक्का आहे का बघा. सर्टिफिकेटवरच्या प्रत्येक शिशाच्या तुकड्याला हात लावा. विकणारा यातल्या कशाचीही घाई करू लागला, तर बोट कितीही देखणी असो, परत फिरा.