ऑल्दो की डिस्पाइट?

इंग्रजीतल्या या दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, फरक आहे तो पुढे काय येतं याचा. ऑल्दोनंतर कर्ता आणि क्रियापद लागतं: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट’. डिस्पाइटनंतर नाम किंवा आयएनजी रूप: ‘डिस्पाइट द रेन, वी वेंट आउट’. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ चूकच. मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घालून ते सुधारता येतं, पण मग सरळ ऑल्दोच का नको?

मराठी माणसाची गफलत होते ती ऑल्दोपाशी. ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो’ यातल्या ‘तरी’साठी हात आपोआप ‘बट’कडे जातो. इंग्रजीत ऑल्दो आणि बट यांपैकी एकच ठेवायचं. जोर हवाच असेल तर ‘स्टिल’ चालतं, क्रियापदाच्या आधी: ‘वी स्टिल वेंट आउट’.

डिस्पाइट म्हणजे आपलं ‘असूनही’. ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड, शी फिनिश्ड द रिपोर्ट’ यात दमलेली आणि काम संपवणारी एकच. माणसं दोन असली, की ऑल्दो बरं. आणि डिस्पाइटला ‘ऑफ’ जोडू नका. तो ‘इन स्पाइट’चा.