जुनं ॲप बंद करताना: एका रात्रीत की लॉगिनगणिक?

आमचं बाणेरचं ऑफिस सोसायट्यांच्या हिशोबाचं वेब ॲप चालवतं. नवी आवृत्ती तयार झाली आणि प्रश्न पडला तो लोकांच्या सेटिंग्जचा: भाषा, अक्षराचा आकार, रकान्यांचा क्रम. कोथरूडच्या एका खजिनदार काकांचे रकाने वर्षानुवर्षं त्याच क्रमात आहेत. तो हलला तर फोन येणारच. दुपारी एक ते चार येणार नाही, एवढाच दिलासा.

एका रात्रीत हलवणं सुटसुटीत. एक स्क्रिप्ट, एक तारीख, जुना सर्व्हर बंद.

पण ती स्क्रिप्ट डेटाबेसपुरतीच. सेटिंग्ज ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्याच मशीनवर, असतील तर सर्व्हरला त्या दिसतच नाहीत. शिवाय हे स्टोरेज प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तिन्हींना, म्हणजे साइटच्या नेमक्या पत्त्याला, बांधलेलं असतं. नवं ॲप वेगळ्या सबडोमेनवर गेलं, की जुन्यातलं अक्षरही वाचता येत नाही.

लॉगिनगणिक हलवताना माणूस आला की जुनं पानच त्याच्या सेटिंग्ज वाचून सर्व्हरवर पाठवतं, मग त्याला नव्याकडे वळवतं. किंमत अशी की दोन ॲप्स सांभाळायची, आणि एकच बग दोनदा दुरुस्त करायचा. सफारीवाल्यांचं मात्र वेगळंच: ब्राउझर वापरल्याच्या ७ दिवसांत ज्या साइटला हात लागला नाही, तिचं असं स्टोरेज तो २०२० पासून पुसतो. महिन्यातून एकदा हिशोब उघडणाऱ्यांचं तिथे हलवण्यासारखं बहुधा काही उरलेलंच नसतं.

तरी मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने. फक्त मार्चअखेरीला हात लावायचा नाही.