भेगाळलेल्या टाचेला मुठेल की कोकम बटरचं क्रीम?

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल; गोव्यात भिरंडेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारी चरबी काढून मुठीत वळायची, म्हणून मुठेल. दुकानातलं 'कोकम बटर'ही तेच, फक्त गाळून पांढरं केलेलं.

खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं, मुठेल जवळजवळ ४० अंशांना. अंगाची कातडी ३२-३४ अंशांवर असते, थंडीत टाच त्याहून गार. त्यामुळे गोळा नुसता घासला की चुरा लादीवर पडतो, भेगेत काही जात नाही. आजी पळीत वितळवायची, कोमट झालं की थेंब भेगेत सोडायची. बघता बघता तो मेणासारखा पांढरा होऊन गोठायचा. भेग बुजते, आतली ओल उडत नाही. पण मुठेल स्वतः ओल देत नाही, कोरड्या टाचेला लावलंत तर कोरडेपणावरच झाकण. आधी पाय दहा मिनिटं पाण्यात ठेवा, ओलसर असतानाच लावा. वर मोजे घाला, नाहीतर रात्री घसराल.

क्रीममध्ये पाणीही असतं, म्हणून ते पटकन पसरतं आणि ऑफिसला निघताना लावता येतं. पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह लागणारच, त्याला नाकं मुरडू नका. घोळ असतो तो लेबलावर. घटक उतरत्या क्रमाने लिहितात, एक टक्क्याखालचे मात्र कसेही. 'गार्सिनिया इंडिका सीड बटर', म्हणजेच कोकम बटर, यादीच्या शेपटाला असेल तर कोकम नावापुरतं. 'फ्रूट एक्स्ट्रॅक्ट' लिहिलं असेल तर तो फळाचा अर्क. बियांच्या चरबीशी त्याचा संबंध नाही.

काही क्रीमवर लिहिलेलं लायपोसोम, नॅनो वगैरे म्हणजे अर्क कातडीत उतरवायच्या सूक्ष्म पुड्या. टाचेवर कोकम आत उतरवायचं नाहीये, वर बसवायचंय. त्यासाठी जादा पैसे कशाला? गंमत म्हणजे अशा पुड्या करायला कोकम बटरच वापरून पाहिलं गेलंय, कारण ते कातडीच्या उबेने वितळत नाही. आजीला पळी घ्यायला लावणारा हाच तो हट्टीपणा.

मी रात्री मुठेल लावते, दिवसा क्रीम. टाचेवर जाड, पिवळट कातडी चढली असेल तर दोन्ही अपुरी. युरियावालं क्रीम आणा. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहात पायाला चटका कळत नाही, तेव्हा पळीतलं तेल तर नकोच.