एक्स-रे, सीटी की बेडका? सहा महिन्यांनी काय काढायचं

आत्याची फुप्फुसाच्या जंतुसंसर्गावरची औषधं चैत्रात सुरू झाली. नवरात्राच्या सुमारास सहा महिने भरले तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: बेडक्याचं कल्चर (म्हणजे त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) आणि एक्स-रे. वर तोंडी म्हणाले, "सीटी हवा असेल तर करू, पण मला घाई नाही." एवढ्यावर घरात दोन पक्ष पडले. आतोबा म्हणाले, एकदाच काय तो सीटी काढा, मनात शंका नको. आत्या म्हणाली, मला परत त्या नळकांड्यात घालायचं नाही. (नळकांडं एमआरआयचं. सीटीचं नुसतं भलंमोठं कडं असतं. पण तिच्याशी वाद कोण घालणार!)

अशीच चिठ्ठी तुमच्या हातात असेल तर आम्ही काय तोलून पाहिलं ते सांगते. ठरवायचं शेवटी तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आत्याचा आजार मॅक, म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स. टीबीच्या जंतूचा हा भाऊबंद पाण्यात, मातीत राहतो आणि माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. स्लाइडवर मात्र तो टीबीसारखाच दिसतो, म्हणून आधी टीबीचाच संशय होता. सीबीनॅट (बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली, मग कल्चरनं खरं नाव सांगितलं. औषधं तीन: अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन. ती किती दिवस घ्यायची, तर कल्चर निगेटिव्ह झाल्यापासून पुढे १२ महिने. हा हिशेब बेडक्यापासून सुरू होतो, स्कॅनपासून नाही. आमच्या घरातला निम्मा वाद इथेच मिटायला हवा होता.

एक्स-रे स्वस्त, पाच मिनिटांचा, कुठल्याही पेठेत होणारा. पण त्यात बरगड्या, हृदय, फुप्फुस सगळ्यांच्या सावल्या एकावर एक पडतात. आत्याला झालेला मॅकचा बारीक गाठींचा प्रकार बहुतेकदा उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागात आणि डाव्या फुप्फुसाच्या तशाच भागात, लिंग्युलात, बसतो, आणि ही दोन्ही ठिकाणं हृदयाला खेटून आहेत. बारीक गाठी तिथे सहज लपतात. आत्याचा पहिला एक्स-रे जवळजवळ नॉर्मल म्हणून आला होता. शिवाय श्वास पूर्ण भरून धरला नाही तर फुप्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि घरी 'वाढलं की काय' सुरू होतं. मोठी पोकळी, न्यूमोनियाचा नवा पट्टा, छातीत पाणी किंवा हवा भरणं, यासाठी एक्स-रे उत्तम. आत्यासारख्या बारीक रोगाचा माग ठेवायला तो अपुरा.

सीटी हे सगळं कापाकापानं दाखवतो. यासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही, साधा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी) पुरतो. किरणांचं म्हणाल तर एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किंवा त्याहूनही कमी, छातीच्या नेहमीच्या सीटीला ५ ते ७. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे एक सीटी दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका. साठीपुढच्या बाईनं यासाठी घाबरू नये, पण दर तीन महिन्यांनी हौसेनं काढण्याची गोष्टही नाही. लो-डोस सीटीत हा आकडा दीडच्या आसपास येतो. तो चालेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

माझ्या मते सीटीचा खरा त्रास त्याच्या रिपोर्टात आहे. 'ब्राँकिएक्टॅसिस' म्हणजे रुंदावलेल्या श्वासनळ्या. मोठ्या माणसात त्या औषधानं पुन्हा अरुंद होत नाहीत. 'फायब्रोसिस' म्हणजे व्रण, तोही राहणार. हे दोन शब्द प्रत्येक रिपोर्टात येतील, जंतू पूर्ण गेला तरी येतील. आत्या मात्र दर वेळी तेच वाचून रडवेली व्हायची. बदलतात ते शब्द वेगळे. 'ट्री-इन-बड' म्हणजे कळ्या धरलेल्या फांदीसारखी बारीक नक्षी. टोकाच्या श्वासनळ्यांत कफ आणि दाह साचल्यावर ती दिसते आणि उपचारात कमी-जास्त होते. तसंच 'कन्सॉलिडेशन', म्हणजे फुप्फुसाचा भरून घट्ट झालेला भाग. आणि 'कॅव्हिटी', म्हणजे पोकळी, असेल तर तिचा आकार आणि भिंतीची जाडी. रिपोर्ट हातात आला की आधी पाहायचं की आधीच्या सीटीशी तुलना केली आहे का. 'स्टेबल' (आहे तसंच) आणि 'इंटर्व्हल इन्क्रीज' (मधल्या काळात वाढ) या शब्दांना तेव्हाच अर्थ येतो.

याचा फटका आम्हाला आषाढात बसला. आत्याला सर्दी-ताप आला आणि घाबरून आम्ही जवळच्याच दुसऱ्या सेंटरला सीटी काढला. त्यांनी जुनी सीडी मागितली नाही, आम्हीही दिली नाही. रिपोर्ट आला: दोन्ही बाजूंना अनेक गाठी. आतोबांनी तर औषधंच बदलायचा निष्कर्ष काढला. डॉक्टरांनी दोन्ही सीडी शेजारी शेजारी उघडल्या. जुने काप जाड होते, नवे बारीक, त्यामुळे तेव्हा न दिसलेल्या गाठी आता दिसत होत्या. एक खरोखरच नवा ठिपका होता, पण तो सर्दीचाही असू शकत होता. ताप उतरेपर्यंत थांबलो असतो तर हजारो रुपये आणि दोन रात्रींची झोप वाचली असती.

बेडका हा तिसरा आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. जंतू जिवंत आहे का, याचं उत्तर तोच देतो. पण कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि द्यायलाही जमलं पाहिजे. आत्याला डबीत थुंकायची भयंकर लाज. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरनं दिल्यावर कुठे बेडका मिळाला, नाहीतर नुसती लाळ. औषधांनी खोकला सुकल्यावर काहींना बेडकाच येत नाही. त्यांच्या बाबतीत सीटीचं वजन वाढतं. उलट सहा महिन्यांनंतरही कल्चर पॉझिटिव्हच असेल, तर स्कॅन कितीही बरा दिसो, औषधांचा फेरविचार हवा.

घरी कुणाला साधा टीबी असेल तर गणित आणखी सोपं. पाठपुराव्याला बेडका, वजन आणि लागला तर एक्स-रे. नेहमीच्या सीटीची गरज सहसा नसते. उपचार चालू असताना सीबीनॅट पुन्हा करून घाबरू नका, तिला मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो. पेट सीटी (शरीरात कुठे साखर जास्त खर्च होते ते चमकवून दाखवणारा स्कॅन) तर कुणी सुचवलाच तर कशासाठी ते विचारा. जंतुसंसर्गही त्यात कर्करोगासारखाच चमकतो.

आम्ही शेवटी बेडका आणि एक्स-रे एवढंच केलं. आणखी एक मोजमाप आत्याचं स्वतःचं: हनुमान टेकडी चढणं. चैत्रात ती अर्ध्यावर तीनदा बसायची, आता एकदाच बसते. डॉक्टरांनी हेही फाइलमध्ये लिहून घेतलं. पुन्हा ताप, रक्त पडणं, वजन उतरणं यातलं काही झालं, किंवा कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर लगेच सीटी. नाहीतर औषधं थांबवायच्या वेळी एक, पहिला काढला होता त्याच सेंटरला, म्हणजे पुढे कधी शंका आली तर ताडून पाहायला ताजा सीटी हाताशी राहील.

जुन्या सीडी मात्र मी आधीच कॉपी करून ठेवल्यात. आषाढातल्या त्या सेंटरनं व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली लिंक महिन्याभरात बंद पडली होती, आणि सीडी चालणारा लॅपटॉप आख्ख्या सोसायटीत एकाच आजोबांकडे निघाला.